सुरम्याचं शिंग

माझं पूर्ण नाव केरेनहप्पूक शमुवेल रणभिसे. हे नाव पूर्ण उच्चारणारा एकच माणूस होता, आणि तो त्या दिवशी पहाटे वारला.

बाकीच्यांसाठी मी केरेन. साताऱ्यात ज्या प्रयोगशाळेत मी शेतकऱ्यांची माती आणि पाणी तपासते, तिथे मला किरण मॅडम म्हणतात. मी दुरुस्त करत नाही. शाळेत मुलं हप्पू म्हणायची, आंब्याच्या दिवसांत हापूस. आईनं यांतलं काहीच कधी वापरलं नाही. ती मला शिंग म्हणायची. "ए शिंग, चुलीवर काय ठेवलंय बघ." नावाचा अर्थ तिला माहीत होता. त्यातला तिनं अर्धाच ठेवला होता.

वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे, मी आण्णा. कडेगावच्या अलीकडे, उसानं वेढलेल्या आमच्या वाडीत ते आयुष्यभर सुवार्तिक होते. म्हणजे पाळक नव्हेत. पाळक मिरजेहून महिन्याकाठी येणार, तोवर मंडळी सांभाळायची, रविवारी वचन वाचायचं आणि बाकीचे दिवस पोरांना पाढे शिकवायचे.

कराडला गाडी बदलून मी वाडीत पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आण्णांना सोप्यात पांढऱ्या चादरीवर ठेवलं होतं. अंगणात चर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. आई त्यांच्या उशाशी नव्हती. ती मागच्या दारी पाण्याच्या टाकीजवळ भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे कोरडे.

"आलीस?" ती म्हणाली. "जा, बघून ये. तुझाच हुता."

मी बघून आले. आण्णांचा जबडा पांढऱ्या रुमालानं बांधला होता आणि त्यामुळे ते दाढदुखी झाल्यासारखे दिसत होते. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. मग अंगणात आले, तर मंडळीचा सेक्रेटरी इंद्रजित लोखंडे माझी वाटच बघत उभा.

"ताई, येळ नको लावायला. उन्हाचं दिस हायती. चारला पाळक येत्यात. जागेचं ठरलंय, तुमच्या घरची कबर उघडायची."

आमचं कबरस्तान लहान आहे. तीन बाजूंना ऊस, चौथ्या बाजूला रस्ता. वाढायला जागा नाही. म्हणून नियम असा, की ज्या घराची कबर आधीच आहे त्यांनी तीच उघडायची आणि नवी पेटी तिथेच उतरवायची. जुनी हाडं गोळा करून एका कडेला घालायची रीत आहे. नियम आण्णांनीच मंडळीत मांडला होता आणि भांडून पास करून घेतला होता.

आमच्या घरची एकच कबर होती. बांधाकडेच्या कोपऱ्यात, बाभळीखाली, दीड हाताची. वर सिमेंटचा क्रूस, त्यावर अक्षर नाही. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. सहा महिन्यांची होऊन तापानं गेली. बाप्तिस्म्यासाठी ठरलेल्या पाळकांच्या दोन्ही फेऱ्या पावसानं चुकल्या होत्या, त्यामुळे तो राहिला होता, आणि बाप्तिस्मा नाही तर मंडळीच्या लेखी नावही नाही. घरात तिच्याबद्दल बोलणं निघत नसे. मला ती आहे हे कळलं तेच मुळी त्या क्रूसाला पाणी घालून धुणाऱ्या आईला पाहून.

"आईला विचारलंत?" मी म्हणाले.

"इचारायचं काय त्यात? नियम मास्तरांचाच हाय."

"उघडायची न्हाई," मागून आवाज आला. आई दारात येऊन उभी होती. पदर डोक्यावर नव्हता.

इंद्रजितनं हात जोडले. "वहिनी, आवं, असं काय करताय. मास्तर समद्या मंडळीचं हुतं."

"मग मंडळीनं आपापल्या परड्यात जागा द्यावी. तुझ्या परड्यात लय जागा हाय, इंद्रजित. म्हशी बांधतोस तितं."

खुर्च्यांवर कुजबुज झाली. पुढच्या ओळीतली एक बाई हळू पण ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवरा अजून घरात हाय अन् तोंड बघा."

"तुझा मरू दे," आई म्हणाली. "मग तू ग्वाड बोल."

ती परत मागच्या दारी गेली. इंद्रजित माझ्याकडे वळला. आता त्याच्या आवाजातली अजीजी गेली होती. "तुमी शिकलेल्या हाय. समजवा त्यांस्नी. न्हाईतर साताऱ्याला न्या, तुमच्या गावात. तितं म्हणं जागा हाय. पर मास्तरांसारख्या माणसाला त्येच्या मंडळीत जागा मिळाली न्हाई, ह्ये तुमी तुमच्या हातानं कराल. आमी न्हाई."

हे त्याला ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण गेल्या नाताळात आण्णा मला त्या कबरीपाशीच घेऊन गेले होते. बाभळीखाली उभं राहून काठीनं जमीन ठोकली होती. "मला इथं," एवढंच म्हणाले होते. मी हो म्हटलं होतं. चारपर्यंत मला ते हो पाळायचं होतं, आणि वाटेत आई होती.

मी मागच्या दारी जाऊन तिच्यासमोर बसले.

"आण्णांनी मला सांगितलं होतं, इथंच ठेवा म्हणून."

"तुला सांगितलं. मला न्हाई."

"तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"ह्येच."

"मग कसं सांगतील?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या पाहण्यात दया कधीच नसे; मी लहानपणीच त्याची सवय करून घेतली होती. "ऐक," ती म्हणाली. "एकदा तुला आणली तिच्या जागंवर. तीच झोळी, तीच झबली. लोकं यायची अन् म्हणायची, देवानं परत दिली बघ शालूबाई. परत. जसं काय उसनं नेलं हुतं. आता ह्यो सोता निघालाय तिच्या जागंवर. तिला ऱ्हायलंय काय, तर दीड हात माती. ती बी द्यू?"

माझं नाव जिथून आलं ती गोष्ट आमच्या वाडीत सगळ्यांना पाठ आहे. बायबलातल्या ईयोबाचं सगळं जातं: मेंढरं, उंट, बैल, गाढवं, आणि एकाच दिवशी सात मुलगे आणि तीन मुली. शेवटी देव त्याला सगळं दुप्पट देतो. मेंढरं दुप्पट, उंट दुप्पट, बैलगाढवं दुप्पट. मुलं मात्र पुन्हा सात आणि तीन. आण्णा रविवारी यावर बोलायला लागले की खुलत. म्हणत, लेकरं दुप्पट दिली नाहीत कारण पहिली दहा गेलेलीच नाहीत, ती देवाच्या मोजणीत अजून आहेत. दहा आणि दहा मिळून दुप्पट झालीच. मंडळी माना डोलवायची. एकदा बायकांच्या बाजूनं आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली होती, "गाढवं बदलून चालत्यात." आण्णांनी त्या रविवारी गाणं लवकर सुरू केलं.

पहिल्या दहांतल्या एकाचंही नाव तिथे दिलेलं नाही. नंतरच्या मुलग्यांचीही नाहीत. फक्त नंतरच्या तीन मुलींची आहेत: यमीमा, कसीया, केरेनहप्पूक. म्हणून मी माझ्या नावाचा अर्थ असा लावला होता, की मी बदलीची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती. एकच गोष्ट त्यात बसत नव्हती. बदलीचंच नाव द्यायचं, तर तिघींतल्या पहिलीचं का नाही? यमीमा म्हणजे कबुतर. कसीया म्हणजे तज, दालचिनीसारखी वासाची साल. दोन्ही बोलायला सोपी. केरेनहप्पूक म्हणजे सुरम्याचं शिंग. बायका डोळ्यांत घालायचा सुरमा ज्या पोकळ शिंगात ठेवत, ते. कुठला बाप दोन सोपी नावं सोडून हे उचलेल? मी आण्णांना शाळेत असताना विचारलं होतं. ते म्हणाले, "आवडलं." पुढे एम.एस्सी.ला असताना मी सुरम्याची रचना वाचली. मूळ सुरमा अँटिमनीच्या खनिजाचा, बाजारात मिळतो त्यात बहुतेक शिसं असतं. घरी येऊन मी हे जेवताना सांगितलं. आण्णा हसले. आई ताटावरून उठून गेली.

पेटी कुठवर आली ते बघते, म्हणून मी तिच्यासमोरून उठले.

पेटी इलाही सुतारांकडे होती. रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान. वय झालंय, तरी मास्तरांची पेटी मुलाला करू दिली नव्हती. स्वतः रंधा मारत होते.

"ये बेटा," ते म्हणाले. "तंटा मिटला का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाडी केवढी हाय." त्यांनी फळीवरून हात फिरवला. "मिटायचा न्हाई सोपा. ती ल्हान पेटीबी हितंच झाली हुती. मी तवा बापाच्या हाताखाली. वैनीनं त्या दिवशी मास्तरांवर हात उगारला, समद्यांदेखत. काजळावरनं."

"कसल्या काजळावरून?"

ते थांबले. मला माहीत नसेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मग रंधा बाजूला ठेवून त्यांनी सांगितलं. पहिली पोर झाल्यावर आई तिच्या डोळ्यांत काजळ घालायची, गालाला तीट लावायची, वाडीतल्या सगळ्या आयांसारखी. आण्णांना ते चालत नव्हतं. ते नुकतेच सुवार्तिक झाले होते. आपण लोकांना सांगायचं दृष्टबिष्ट काही नसते, आणि आपल्याच पोरीच्या गालाला काळा ठिपका. आई लावायची, ते पुसायचे. सकाळी लावलेलं दुपारी पुसलेलं, दुपारी लावलेलं सांजेला पुसलेलं. मग पोरीला ताप आला, झटके आले, आणि दोन दिवसांत संपलं.

"अन् तू झालीस तवा," इलाही चाचा म्हणाले, "तुजं नाव ठिवायच्या आदी मास्तर हितं आलं. म्हणलं, इलाही, तुज्या घरात सुरमा असतोय न्हवं? दाखीव. मी अम्मीची सुरमादानी आणून दिली. लय वेळ हातात घिऊन बसलं. म्हणलं, आमच्या शास्त्रातबी हाय ह्ये. एका पोरीचं नावच हाय. मग डोळं पुसलं अन् गेलं."

मी दुकानातून निघाले ती भरभर चालत. इतक्या वर्षांत जे बसत नव्हतं ते बसलं होतं. मी बदलीची नव्हते. ज्या माणसानं एका मुलीच्या डोळ्यांतलं काजळ पुसलं, त्यानं दुसरीला असं नाव दिलं की ते त्यालाही पुसता येऊ नये. तीन नावांतलं ते एकच नाव त्याच्या कामाचं होतं. ती माफी होती, आणि ती आईला कळली नव्हती, एवढंच. तिला ती कळली की ती कबर उघडू देईल. रस्ताभर मी असा हिशेब करत आले.

आई तिथेच होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. इलाही चाचांकडचं सगळं, आणि शेवटी माझं अनुमान. "त्यांनी तुझी माफी मागितली होती, आई. माझ्या नावातून."

तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"इलाहीनं सांगितलं?"

"हो."

"मला म्हाईत हाय की ते. तुझ्या बाप्तिस्म्याच्या सकाळीच सांगितलं त्येनं. म्हणला, शालू, आता कुणी पुसायचं न्हाई. नावातच घातलंय."

"मग?"

"मग काय?" ती म्हणाली. "माझी माफी कशाला मागायची? पुसलं ते माझं न्हवतं. तिला बोटभर लावू दिलं न्हाई, अन् ती गेल्यावर तुला शिंगभर दिलं. तुला. तुझं काय पुसलं हुतं त्येनं?"

मी बोलायला नको होतं, पण बोलले. "काजळ असतं तरी ती वाचली नसती. तो ताप मेंदूचा असणार. झटके आले म्हणजे..."

"म्हाईत हाय." तिनं हात वर केला. "मिरजेच्या डाक्टरनं सांगितलं, नर्सबाईनं सांगितलं, तू कालिजात गेल्यावर दोनदा सांगितलंस. मला काय येडी समजता का समदी? मी काय तिला वाचवायला लावत हुते? डोळं मोठं हुतं तिचं. काजळ घातलं की लय झ्याक दिसायची. म्हणून लावत हुते."

टाकीच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं.

"त्येला त्यात सैतान दिसला," आई म्हणाली, "अन् तुला जंतू. तुमी दोघं एकाच मापाचं."

वाडीतल्या प्रत्येकानं, आण्णांनी, इलाही चाचांनी, मी, त्या काजळाचा काही ना काही अर्थ लावला होता. त्यात काहीच नव्हतं. एका बाईला तिची मुलगी सुंदर दिसायला हवी होती.

मी म्हणाले, "साताऱ्याला नेते मी त्यांना. गाडी सांगते. ती कबर कुणी उघडणार नाही."

मी हे रागानं म्हटलं नव्हतं. आण्णांना दिलेलं हो मोडत होते, हे मला कळत होतं, पण दुसरं काही न्याय्य दिसत नव्हतं. मी फोन काढला. आई माझ्या फोनकडे बघत राहिली.

"तितं कोण हाय त्येचं?"

"मी आहे."

"म्हंजे तितंबी तूच." ती म्हणाली, "कशी असती तितं जागा?"

"मोठी आहे. झाडं आहेत. कबरी बऱ्याचशा पलटणीतल्या लोकांच्या."

"आसं," आई म्हणाली. "म्हंजे ह्यो तिकडं झाडाखाली मोकळा झोपणार, अन् आमी दोघी हितं. न्हाई. आसं सुटू द्यायचं न्हाई त्येला. ठेव तो फोन."

ती भिंतीला धरून उठली. गुडघे वाजले. सरळ अंगणात जाऊन इंद्रजितच्या समोर उभी राहिली.

"उघडा," ती म्हणाली. "पर आदी तिला वर काढायची. मग खाली खोल खणायचं. त्यो खाली जाईल, अन् ती त्येच्या छातीवर. वागवू दे."

इंद्रजितला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आशी रीत न्हाई. जुनं कडंला घालत्यात. पेटीच्या वर काय घालायचं नसतंय. लोकं काय म्हणतील?"

"नियमात वर-खाली काही नाही," मी म्हणाले. "नियम एवढाच आहे की घरच्यांनी घरची कबर उघडायची. आण्णांनी तो आमच्या सोप्यात बसून लिहिला, मी शेजारी बसले होते. घरचे आम्ही दोघी आहोत."

"मास्तरांचा आपमान हाय ह्यो."

"तो मास्तरांनी सोसायचा," मी म्हणाले. "तुम्ही नव्हे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. शाबासकी वगैरे काही नव्हती त्यात. घरातलं एखादं भांडं अजून गळत नाही हे कळल्यावर बघावं, तसं.

खणायला मल्हार आला, बिराप्पाचा मुलगा. शेजारच्या वस्तीवरचा, धनगराचा. आमच्या वाडीत कबर तोच खणतो, कारण मंडळीतल्या तरुणांच्या पाठी त्या दिवसांत नेमक्या दुखतात. बाभळीपाशी जाताना मी आईला गाठलं. एक गोष्ट आधी सांगणं मला भाग होतं.

"आई, कदाचित काही सापडणार नाही. एवढ्या लहान मुलाची हाडं फार कोवळी असतात. शिवाय तिन्ही बाजूंनी उसाचं पाणी इथं झिरपतंय, जमीन क्षारपड झालीय. टिकली असतील की नाही, मला सांगता येत नाही."

"तुला इचारलंय कुणी?" ती म्हणाली. "त्येला सांग, सावकाश खण म्हणावं."

मल्हारनं क्रूस उपटून बांधाला टेकवला आणि आधी कुदळ, मग खुरपं वापरलं. मंडळी लांब उभी होती, रस्त्याच्या बाजूला, सगळी एकत्र. कबरीच्या काठाशी आम्ही दोघीच. वरची माती कोरडी आणि भेगाळलेली होती, हातभर खाली ओलसर काळी. आणखी खाली एका जागी तिचा रंग बदलला. मल्हारनं खुरपं थांबवलं, बोटांनी चाचपलं, आणि तळहात वर केला. गंजलेले तीन-चार बारीक खिळे होते. इलाही चाचांच्या वडिलांनी ठोकलेले. त्यानं आणखी बराच वेळ बोटांनी माती चाळली. मग माझ्याकडे पाहिलं.

"घावली?" आई उकिडवी बसून विचारत होती. तिला आता लांबचं नीट दिसत नाही.

मल्हार अजून माझ्याकडेच बघत होता. हो म्हणणं सोपं होतं. एखादा पांढरा खडा दाखवला असता तरी तिला कळलं नसतं.

"खिळे आहेत, आई. बाकी काही उरलेलं नाही."

मला वाटलं आता ती उठेल आणि सगळं बंद करायला सांगेल, आणि मग चार वाजता मी आण्णांना घेऊन कुठे जाणार हे मला ठाऊक नव्हतं.

"खिळं नकोत," ती म्हणाली. "मल्हार, ती माती काढ. रंग बदललेली तेवढीच. दुसरी मिसळू नको, बाबा."

त्यानं ती माती हातांनी काढून घमेल्यात घेतली. फार नव्हती. आईनं घमेलं मांडीवर ओढून घेतलं आणि बांधावर, क्रूसाशेजारी जाऊन बसली. मल्हार उतरून पुढे खणत राहिला. तळाशी पाणी लागलं तेव्हा त्यानं बस्स म्हटलं.

पाळक वेळेवर आले. तरुण होते, नवे, आण्णांना त्यांनी दोन-तीनदाच पाहिलं असेल. पेटी आली, जाड दोराचे सोल लावून खाली उतरवली. तळाच्या पाण्यात ती बसताना चबक असा आवाज झाला, आणि रस्त्याकडच्या बायकांत कुणीतरी हुंदका दिला. इंद्रजितनं पाळकांच्या कानात काही सांगितलं. पाळकांनी मान हलवली, पुस्तक मिटलं आणि आईपाशी आले.

"आजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "प्रार्थनेत मास्तरांबरोबर लेकराचंही नाव घेतो. काय नाव होतं?"

ते चांगल्या मनानं विचारत होते. सगळे आईकडे बघू लागले, आणि मीही. इतका वेळ मी 'ती', 'तिची', 'तिला' म्हणत होते. माझ्या नावाचं मूळ मी दोन कोशांत शोधलं होतं. तिला नाव असेल, हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता.

"हाय नाव," आई म्हणाली. "मी ठिवलंय. पर ते तुमच्या तोंडात द्यायचं न्हाई."

"आजी, देवापुढं..."

"त्येला म्हाईत हाय. तुमी नका सांगू." तिनं घमेल्यावर हात पसरला. "त्येचं घ्या. शमुवेल मास्तरचं. तुमची मंडळी तेवढ्यासाठीच आलीय."

पाळकांनी आण्णांचं नाव घेऊन प्रार्थना केली. छोटी केली. मग मूठमूठ माती टाकायला लोक पुढे यायला लागले, तशी आई उठली आणि हातानंच त्यांना थांबवलं. ती काठाशी गेली. मी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला. गुडघ्यांवर बसून तिनं घमेलं पुढे सरकवलं आणि पेटीवर, आण्णांची छाती येईल त्या जागी, ती माती हळूहळू ओतली. अगदी शेवटी घमेलं उलटं करून बोटानं खरवडलं.

"घे," ती खाली बघत म्हणाली. "आता पूस."

मग बाकीच्यांनी माती टाकली. जाताना कुणी तिच्याशी बोललं नाही. इंद्रजित खुर्च्या मोजायला घराकडे गेला. इलाही चाचा लांबूनच हात छातीशी नेऊन गेले. मल्हार फावड्यानं भरत होता, आणि आई शेवटचं फावडं पडेपर्यंत उभी राहिली. आम्ही बांधावरून निघालो तेव्हा ती पुढे आणि मी मागे, कारण तिथे दोघींना जागा नसते.

"मला तरी सांग," मी तिच्या पाठीला म्हणाले. "तिचं नाव."

ती थांबली नाही.

"कशाला? तुला दिलंय की येवढं लांबलचक. ते म्हणणारा आज गेला. आता तुझं तूच म्हणत जा."

उसाची पाती दोन्ही बाजूंनी अंगाला लागत होती. ती हातानं पाती बाजूला सारत चालली होती आणि मागून येणाऱ्यासाठी धरून ठेवत नव्हती. मी चेहऱ्यापुढे हात धरला आणि तिच्यामागून चालत राहिले.